मुदत वाढवली आहे

सोमवार, ८ सप्टेंबर

दसऱ्याचं सगळं काम सुधींद्र सरांनी आज माझ्या गळ्यात घातलं. "ई सल निंदे, श्रीहरी," म्हणाले, म्हणजे या वेळी सगळं तुझंच. आनंद व्हायला हवा होता. पण झाला नाही, म्हणून घरी येताना वाटेत ही वही घेतली. ऑफिसात लिहिणं इंग्रजीत चालतं आणि भांडणं कन्नडात. मराठी वाचणारं तिथे कोणी नाही, त्यामुळे मनातलं लिहायला ही जागा बरी.

आम्ही मोबाइलवरचे खेळ करतो. त्यातला चालणारा एकच, 'गोंबे दरबार'. म्हैसुरात नवरात्रात घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, तशा फोनवर मांडायच्या. खेळ फुकट, पण मांडणी शोभून दिसायला बाहुल्या विकत घ्याव्या लागतात. त्या काढणारे लोक वेगळे. त्या कधी संपणार ते मी ठरवतो.

आणि मुळात त्या संपत नाहीत. चित्रं आहेत ती, एकीच्या कोटभर करा, कोणाचं काय जातं? पण 'केव्हाही घ्या' म्हटलं की कोणी घेत नाही, आणि 'आज संपणार' म्हटलं की धारवाडपासून मदुरेपर्यंत लोक हातातलं काम टाकून फोन उघडतात. एवढं एक वाक्य नीट लिहिता येतं म्हणून मला पगार मिळतो. कधीकधी सकाळी दात घासताना याचं फार वाईट वाटतं. चहा झाला की जातं.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

यंदाची मोठी वस्तू म्हणजे चंदनी राणी. अन्विताने काढली आहे. पोरगी नवीन आहे, पण हात सुरेख. राणीच्या खाली लाल आकडा, 'इतक्याच उरल्या', आणि शेजारी उलटं धावणारं घड्याळ. अन्विताने विचारलं, "सर, हा आकडा कशाला जोडलाय?"

"कशालाच नाही."

"मग कमी कसा होतो?"

"मी सांगतो तसा होतो. आधी सावकाश, जेवणाच्या सुट्टीत जरा भरभर, शेवटच्या दिवशी पळतो."

"आणि जो घेत नाही त्याच्या फोनवर?"

"त्याच्याच फोनवर जास्त पळतो."

ती हसली, आणि हसणं मध्येच सोडून स्क्रीनकडे बघत राहिली. पहिल्या वर्षी मीही असाच बघायचो.

घरी आल्यावर मराठी आवृत्तीतली वाक्यं आईला वाचून दाखवली. आई शाळेत शिकवायची. अजूनही म्हैसुरातलं आमचं अख्खं नजरबाद तिला सुमित्रा टीचर म्हणतं. मला मराठी लिहायला शिकवलं तेही तिनंच, स्वयंपाकघरात, कणीक मळता मळता. ती आमचा खेळ फोनवर खेळते आणि माझं नाव सांगून शेजारणींनाही खेळायला लावते. म्हणाली, "खरंच संपते का रे ती राणी?"

"अगं, चित्र आहे ते. लाल आकडा दिसला की समजायचं, कोणीतरी घाबरवतंय. बेगा बेगा, लवकर लवकर करणाऱ्याचं कधी ऐकायचं नाही."

"हौदा? खरंच का?" म्हणाली आणि मान डोलावली. माझे वडील, अण्णा, गेल्यापासून बाहेरच्या व्यवहारात ती माझाच शब्द शेवटचा मानते.

बुधवार, १७ सप्टेंबर

माळ्यावरून बाहुल्यांची पेटी काढली. आई एकेक बाहुली मऊ फडक्याने पुसत होती. मध्येच थांबून म्हणाली, "श्री, डाव्या डोळ्यात वीज चमकल्यासारखं होतंय. आणि माश्या उडतात."

"कसल्या माश्या?"

"काळ्या. हाकलल्या तरी जात नाहीत."

पेटीवर वर्षभराची धूळ, आणि आईचा चष्मा लहानपणापासून जाड काचांचा. मी म्हटलं, नंबर वाढला असेल, दसरा झाला की नवीन चष्मा करू. "आयतु, बरं," म्हणाली. माश्या कसल्या ते मी पुन्हा विचारलं नाही. माझं डोकं आकड्यात होतं.

रविवार, २१ सप्टेंबर

पायऱ्या लावून झाल्या. सगळ्यात वर पट्टद गोंबे, म्हणजे लग्नात माहेरून मिळालेली राजाराणीची लाकडी जोडी. दरवर्षी आई ती एका झटक्यात मधोमध ठेवते. या वर्षी राजा बराच कडेला गेला. "सरळ आहे का बघ स्वल्प," असं तिनं विचारलं. असं ती कधी विचारत नाही. मी सरळ केला.

"खालून कोणी पदर धरून वर ओढतंय असं वाटतं," ती म्हणाली. "डाव्या डोळ्यावर."

"दुखतं का?"

"दुखत काई नाही रे, सुम्ने, उगाच सांगितलं."

दुखत नाही म्हटल्यावर मला बरं वाटलं. उद्यापासून विक्री सुरू. दिवसभर फोन वाजत होता, आणि आईची चिडचिड होत नाही याबद्दल मी मनात तिचे आभार मानत होतो.

मंगळवार, २३ सप्टेंबर

राणी तुफान चालली आहे. सुधींद्र सर कधी नव्हे ते सगळ्यांना डोसा खायला घेऊन गेले.

सकाळी आईनं कॉफी पेल्याच्या बाहेर ओतली, म्हणून संध्याकाळी तिला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. मोठा खाजगी दवाखाना, थंडगार, दाराशी झेंडूच्या माळा. डॉक्टर शरदचंद्रांनी थेंब घालून बराच वेळ पाहिलं. मग कन्नडात सावकाश सांगितलं, "डोळ्याच्या आतला पडदा वरच्या बाजूनं सुटलाय. मधला भाग अजून चिकटलेला आहे, म्हणून त्यांना दिसतंय. तो सुटायच्या आत शस्त्रक्रिया व्हायला हवी. उद्या सकाळी या. परवा म्हणू नका."

मी घाबरलो. खरंच घाबरलो. खोलीबाहेर एक टेबल होतं. तिथल्या बाईंचं नाव वरलक्ष्मी, छातीवर पट्टी होती. त्यांनी चकचकीत कार्ड पुढे केलं. दसरा पॅकेज. "आज नोंदवलं तरच मिळेल, सर. उद्याच्या यादीत एकच जागा उरली आहे."

आणि माझी भीती कुठल्या कुठे गेली. एकच जागा उरली आहे. हे वाक्य माझं आहे! असली वाक्यं मी झोपेतही लिहीन. मी मुद्दाम विचारलं, "उद्या नोंदवलं तर पॅकेज नाही?"

"नाही सर, सिस्टिमच घेत नाही."

आई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "तू म्हणतोस तसलंच ना हे?"

"तसलंच."

विचार करून सांगतो म्हटलं आणि मी रिक्षा बघायला बाहेर गेलो. घरी येताना आई म्हणाली, "डॉक्टर मात्र चांगले वाटले." मी तिला समजावलं की आतला माणूस घाबरवतो आणि बाहेरचं टेबल विकतं, दोघं मिळून एकच दुकान. आमच्या ऑफिसातही असंच आहे. अन्विता राणी सुंदर काढते, खोटं काही काढत नाही. घड्याळ मी लावतो.

डोळ्याचं करायचं, पण यांच्या तालावर नाही. दसरा झाला की दुसरीकडे दाखवू. असं ठरवलं खरं, पण जेवण गेलं नाही.

बुधवार, २४ सप्टेंबर

वरलक्ष्मीबाईंचा फोन दुपारी आला. "सर, तुमच्यासाठी पॅकेजची मुदत वाढवली आहे. सोमवारपर्यंत."

काल सिस्टिम घेत नव्हती. आज घेते. मी मीटिंगमध्ये होतो, तरी हसू आवरलं नाही. एक रात्र धीर धरला तर समोरचा कसा वाकतो ते पुन्हा एकदा पाहिलं. बाई पुढे म्हणाल्या, "पण डॉक्टर विचारत होते, तुम्ही सकाळी आला का नाहीत." हेही आम्ही करतो. दोन दिवस खेळ उघडला नाही की निरोप जातो, तुमचा दरबार तुमची वाट बघतोय.

आईला घरी येऊन सांगितलं, "बघ, मुदत वाढवली त्यांनी."

"डोळ्याची?"

"सगळ्याचीच."

तिचा चेहरा सैल झाला. पाहुण्यांसाठी चण्याची उसळ करायची म्हणून ती उठली, आणि उठताना दाराच्या चौकटीला तिचा खांदा लागला.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

बाहुल्या बघायला आज घरभर बायका. मी लवकर आलो, तर बसायला जागा नाही. स्वयंपाकघरात गेलो. आई कोशिंबिरीच्या वाट्या भरत होती. बाहेर ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "श्री, डावीकडचा दिवा वाढला रे."

मला इतकं हलकं वाटलं. "बघ, मी म्हणत नव्हतो? आपोआप होतं. उगाच चिरफाड करून बसलो असतो."

ती माझ्या तोंडाकडे जरा वेळ बघत राहिली. मग "हौदू" म्हणाली आणि ताट घेऊन बाहेर गेली. बायकांशी हसून बोलत होती. अण्णांच्या मागे सण करायचा की नाही यावर घरात पूर्वी किती वाद झाले, आणि आज घर कसं भरलेलं. मुदत वाढली, डोळ्यातला उजेडही वाढला. हा आठवडा चांगला आहे.

राणी कालच्या दुप्पट गेली. आकडा मी पुन्हा वर नेऊन ठेवला. कोणाच्या लक्षातही येत नाही.

रविवार, २८ सप्टेंबर

काय लिहू.

सकाळी वेदक्काचा फोन आला. वेदवती, माझी थोरली बहीण, लग्न होऊन साताऱ्यात गेली त्याला वीस वर्षं होतील. म्हणाली, "आईचा डोळा कसा आहे? ती मला नीट सांगतच नाही."

"सुधारतोय. डावीकडचा दिवा वाढला म्हणाली."

वेदक्कानं मला थांबवलं. मग म्हणाली, "काय म्हणाली? तिचेच शब्द सांग."

सांगितले.

"श्री, दिवा वाढला म्हणजे गेला. विझला. नवरात्रात, घरात बायका बसलेल्या असताना ती विझला असं म्हणेल का?"

मला हे माहीत नव्हतं असं लिहिणार होतो. पण नारळ वाढवतात हे मला माहीत आहे. बांगडी फुटली की आई वाढली म्हणते, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. दिव्याचं तेवढं मला कळलं नाही, कारण मला ते कळायला नको होतं. आठवडाभर माझ्या कानात वाढली, वाढवली हेच घुमत होतं.

आईच्या खोलीत गेलो. तिच्या उजव्या डोळ्यावर हात धरला आणि दुसऱ्या हाताची बोटं समोर नाचवली. "किती आहेत?"

"काय किती?" आई म्हणाली.

"सरळ का नाही सांगितलंस गं?"

"सांगितलं की. तू बघ म्हणालास, मी म्हणत नव्हतो का म्हणालास. मला वाटलं, हे असंच व्हायचं असतं. तुला ठाऊक आहे."

मी रडलो. ती माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेली तो आधी कानावर पडला.

दवाखान्यात फोन केला. उद्या सकाळची वेळ दिली. कितव्या जागेची ते मी विचारलं नाही.

सोमवार, २९ सप्टेंबर

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "पूर्ण अंधार कधीपासून?" शुक्रवार म्हटलं. त्यांनी ते कागदावर लिहिलं. म्हणाले, "पडदा जागेवर बसवू. दिसेल किती ते मी सांगणार नाही. मधला भाग चिकटलेला असताना आला असतात तर सांगितलं असतं."

आईला आत नेलं. वरलक्ष्मीबाईंनी तेच चकचकीत कार्ड काढलं, माझ्याकडे न बघता भरलं आणि म्हणाल्या, "पॅकेजची मुदत आहे, सर. आजच्यापुरती." पॅकेज मिळालं.

गुरुवार, २ ऑक्टोबर

विजयादशमी. डोळ्यात वायूचा फुगा सोडला आहे. तो पडद्याला आतून दाबून धरतो म्हणे, त्यासाठी आईला मान खाली घालूनच राहायचं. ती स्टुलावरच्या उशीवर कपाळ टेकून बसते. जेवणही तसंच. लांबून मिरवणुकीच्या बॅंडचा आवाज येत होता. ती जमिनीकडे तोंड करून म्हणाली, "पट्टद गोंब्यांना झोपव रे, आज झोपवतात." मी राजाराणीला आडवं केलं. "झोपवलं?" "झोपवलं." तिला बघता येत नव्हतं, तिनं मान्य केलं.

सुधींद्र सरांचा फोन आला. आईचं त्यांना कळलं आहे, फार हळहळले, आणि मग म्हणाले की राणी आजच बंद केली तर खुळेपणा होईल, दिवाळीपर्यंत चालेल. आईच्या पायाशी बसून मी लॅपटॉप उघडला. 'लोकाग्रहास्तव मुदत वाढवली आहे.' पाचही भाषांत तेच.

"काय लिहितोस?" आईनं विचारलं.

"ऑफिसचं."

थोड्या वेळानं अन्विताचा निरोप आला. 'सर, आकडा परत पाचशेवर गेलाय. काही चुकलंय का?' मी 'नाही' असं उत्तर पाठवलं. नोकरी सोडायचा विचार मनात येतो, पण मग करणार काय? मला दुसरं काही येत नाही. आणि सोडून आईला काय मिळणार?

शनिवार, ११ ऑक्टोबर

तपासणी. उजवा डोळा झाकून आईला समोरचा तक्ता वाचायला सांगितला. तिनं बराच वेळ प्रयत्न केला, परीक्षेत बसल्यासारखी ताठ होऊन. शेवटी म्हणाली, "पांढरं आहे. कोणी हललं की कळतं." डॉक्टर म्हणाले, एवढंच राहील. पडदा छान बसलाय, असंही म्हणाले.

आईला थेंब घालायला नेलं तेव्हा वरलक्ष्मीबाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यांना काहीतरी सांगायचं होतं. "सर, त्या दिवशी तुम्ही रिक्षा बघायला गेलात ना, तेव्हा मी तुमच्या आईंना म्हटलं होतं, पॅकेज नको तर नको, पण उद्या याच. खूप सांगितलं. त्या म्हणाल्या, माझा मुलगा याच कामात आहे, त्याला खरं-खोटं लगेच कळतं."

मग त्या म्हणाल्या, "ते कार्ड पुढे केल्याशिवाय आम्हाला कोणाला सोडता येत नाही, सर. वरून तसं सांगितलंय." आणि टेबलाकडे गेल्या. तिथे एक म्हातारे गृहस्थ मुलीसोबत येऊन बसले होते. त्यांच्यापुढे बाईंनी कार्ड ठेवलं. मला त्या मुलीला ओरडून सांगावंसं वाटलं की आज हो म्हण. पण तिच्या वडिलांना काय झालंय हे मला माहीत नव्हतं. नुसता चष्मासुद्धा असेल.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

आज उजव्या डोळ्यासाठी आलो. आता तो एकच आहे. डॉक्टरांनी फार वेळ पाहिलं. मला वाटलं होतं, याही वेळी 'उद्या सकाळी' म्हणतील, म्हणून मी कपडे, टॉवेल, आईची औषधं सगळं पिशवीत भरूनच आणलं होतं.

"एक जागा जरा पातळ आहे," ते म्हणाले. "भोक नाही. लेसरनं पक्की करून ठेवू. पण घाई नाही, दिवाळी करून या."

"आजच करा," मी म्हटलं.

"आज गरज नाही."

"गरज नाही हे कशावरून?"

त्यांनी कागदावर डोळा काढून समजावलं. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा समजावलं. त्यांचा आवाज त्या मंगळवारी होता तसाच होता, त्यात काही फरक मला ऐकू येईना. त्या दिवशी घाई आहे म्हणाले ते खरं होतं, मग आज घाई नाही म्हणतात तेही खरं असणार. हे मला कळतं. पण कळून विश्वास बसत नाही. लेसरचं यंत्र बिघडलं असेल. दिवाळीनंतर नवीन पॅकेज यायचं असेल. मी दुपारपासून अशी कारणं शोधतोय आणि ती सापडतात.

बाहेरच्या बाकावर बसून हे लिहितोय. वरलक्ष्मीबाई दोनदा येऊन गेल्या. "सर, खरंच वेळ आहे," म्हणाल्या. त्यांच्या हातात आज कार्ड नव्हतं. ऑफिसातून दिवाळीच्या वाक्यांसाठी फोन येतोय, मी उचलत नाही. सगळे म्हणतात घरी जा.

आई शेजारी पर्स मांडीवर घेऊन बसली आहे. मी तिच्या डाव्या बाजूला बसलोय, त्यामुळे माझ्याकडे बघायला तिला पूर्ण वळावं लागतं. आत्ता ती वळली.

"श्री, ते म्हणतायत वेळ आहे. आहे का रे?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. ती तशीच वळून बसली आहे.